श्वानदंशाची नोंदवही आणि प्राणिमित्रांची वही एका टेबलावर याव्यात

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

भटक्या कुत्र्यांविषयीची पत्रे आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि ती मी नेमाने वाचते. लहान मुलाला कुत्रा चावल्याची बातमी आली की सगळी कुत्री उचलून न्या, अशी मागणी करणारी पत्रे येतात. कुणी कुत्र्यांना विष घातल्याचे उघडकीस आले की मुक्या जनावरांची कड घेणारी पत्रे येतात. दोन्हींतली कळकळ खरी असते. मी सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षे कुत्रा चावलेल्या रुग्णांना लस टोचण्यात गेली आणि आता आठवड्यातल्या दोन सकाळी मी आमच्या कृष्णाकाठच्या शहरातल्या एका छोट्या प्राणिमित्र गटाची वही लिहिते. कुत्रा चावलेली माणसे आणि रस्त्यावरची कुत्री, अशा दोन्हींच्या नोंदी माझ्या हातून झाल्या असल्यामुळे जी गोष्ट मला स्पष्ट दिसते, ती या पत्रातून मांडायची आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, हे समीकरण घरोघरी माहीत होते. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती लस दुखायची, तिचे दुष्परिणाम असायचे आणि तिच्या भीतीने माणसे दवाखान्याची पायरी चढायची नाहीत. पुढे ती लस बंद झाली, दंडावर टोचायची नवी लस आली आणि आता बहुतेक सरकारी रुग्णालयांत दोन्ही दंडांच्या कातडीत ०.१ मिलिलिटर, अशी ० व्या (म्हणजे पहिल्या डोसाच्या), ३ ऱ्या, ७ व्या आणि २८ व्या दिवशी लस दिली जाते. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच अँटिरेबीज सीरम, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे, भरावे लागते. लहान मुलाच्या ओठावर किंवा पापणीखाली ही सुई टोचताना आईने त्याचे डोके छातीशी घट्ट धरलेले असते आणि मूल रडून रडून निपचित होते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, कुत्र्यांच्या चाव्याला किरकोळ बाब म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही.

रेबीज झालेला रुग्णही मी पाहिला आहे. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला तो तरुण मुलगा होता. दोन महिन्यांपूर्वी पायाला कुत्र्याचे दात लागले होते, घरच्यांनी जखमेत चुना भरला होता आणि जखम भरून आल्यामुळे सगळे निर्धास्त होते. मी स्टीलच्या पेल्यातून पाणी पुढे केले तेव्हा त्याने ते घ्यायला हात पुढे केला, पेला ओठांजवळ नेला आणि त्याच क्षणी त्याचा गळा असा आवळला की पेला खाली पडून भिंतीपर्यंत गडगडत गेला. त्याला तहान लागली होती आणि तो पूर्ण शुद्धीवर होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा बसल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि वेळेवर लस व गरज असल्यास सीरम घेतले, तर मात्र हा रोग जवळपास निश्चितपणे टळतो. चुना, हळद, मिरची, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये, ही सूचना मी त्या दिवसापासून रुग्णाच्या प्रत्येक नातेवाइकाला दोनदा सांगत आले आणि इथेही सांगते.

ज्या वहीला आम्ही ‘डॉग बाइट रजिस्टर’ म्हणत असू, तिच्यात रुग्णाचे नाव, वय, पत्ता, चावलेला प्राणी पाळीव की भटका, जखम कोणत्या वर्गातली आणि पुढच्या डोसांच्या तारखा, असे रकाने असत. त्यातला पत्त्याचा रकाना आमच्या दृष्टीने फक्त रुग्ण पुढच्या डोसाला आला नाही तर निरोप पाठवण्यापुरता होता. महिनाअखेरीस आकडा वर कळवला जाई, वही कपाटात जाई आणि नवी वही सुरू होई. एकाच गल्लीतली चार माणसे आठ दिवसांत येऊन गेली, हे लिहिणारीच्या लक्षात येई. पण ते कुणाला सांगायचे, हे तिला ठाऊक नसे. आणखी एक प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारत असू. कुत्रे अजून तिथे आहे का? चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवायचे असते, कारण त्याच्या लाळेतून त्या वेळी रेबीजचा विषाणू जात असेल, तर ते या मुदतीत आजारी पडून मरते. लस त्यासाठी थांबवायची नसतेच; पण कुत्रे मेले तर त्याने आणखी कुणाकुणाला दात लावले, हे तातडीने शोधावे लागते. या प्रश्नाला दहातल्या नऊ जणांचे उत्तर ‘माहीत नाही’ हेच असायचे. कोपऱ्यावरच्या कुत्र्याचे दहा दिवसांत काय झाले, हे कोण सांगणार, असे तेव्हा मलाही वाटायचे.

ते सांगू शकणारी माणसे शहरात होती, हे मला निवृत्तीनंतर कळले.

ज्या प्राणिमित्र गटाची वही मी लिहिते, त्यात मोजकी माणसे आहेत. एक रिक्षाचालक आहेत, एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वायरिंगची कामे करणारा एक तरुण आहे, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी-तिघी मुली आहेत आणि एक पशुवैद्य आपला दवाखाना उघडण्यापूर्वी येऊन जातात. पहाटे साडेपाचला भाजी मंडईच्या मागे जमायचे, कारण त्या वेळी रहदारी नसते आणि कुत्री कचऱ्याच्या ढिगाजवळ एकत्र सापडतात. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी एक तांबडी कुत्री धरायची होती. रिक्षाचालक दादा उकिडवे बसून टोस्टचा एकेक तुकडा जवळ जवळ टाकत होते, तिच्याकडे बघायचेसुद्धा नाही असे त्यांनी मला बजावले होते आणि वायरिंगवाला मुलगा जाळी पाठीमागे धरून भिंतीला चिकटून उभा होता. वीस मिनिटे काहीच घडले नाही. तिने चौथा तुकडा उचलला तेव्हा जाळी पडली आणि जाळीतली तडफड थांबेपर्यंत दादा तिच्या मानेवर पोते धरून हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिले. रिक्षाच्या मागच्या सीटवर पिंजरा बसावा म्हणून त्यांनी सीटची फळी काढून ठेवलेली होती. सात वाजता पहिल्या शाळकरी मुलांच्या फेरीआधी ती फळी पुन्हा बसवायची असते.

धरलेल्या कुत्र्याची नसबंदी होते, त्याला रेबीजची लस टोचली जाते आणि भूल असतानाच कानाचे टोक किंचित कापून खूण केली जाते. निदान चार दिवस ते निगराणीखाली राहते आणि टाके सुकल्यावर जिथून उचलले तिथेच सोडले जाते. यांखेरीज वाटेवर जे भेटेल ते करावे लागते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेले कुत्रे आठवड्याला एक तरी असतेच. कानामागे रुपयाएवढे भोक पडलेल्या अशाच एका कुत्र्याच्या अळ्या काढताना एका मुलीचा हात थरथरत होता. तिने चिमट्याने एकेक अळी उचलून बाटलीच्या झाकणात ठेवायला सुरुवात केली, मध्येच उठून बाहेर जाऊन ओकून आली, तोंड धुतले आणि परत येऊन उरलेल्या काढल्या. जखम स्वच्छ करायला पाऊण तास लागला. रुग्णालयात मी अनेक विद्यार्थिनी परिचारिका पहिल्या ड्रेसिंगला कोसळताना पाहिल्या आहेत, म्हणून या मुलीने काय केले, याची किंमत मला नीट कळते.

पण मला या गटाचे खरे मोल वाटते ते त्यांच्या वहीमुळे. ही शंभर पानी, रेघांची, साधी वही आहे. तिच्यात गल्ली, कुत्र्याचा रंग, नर की मादी, ओळखीची खूण, कानाची खूण आहे की नाही, लसीची तारीख आणि पिल्ले असल्यास किती, एवढे लिहिलेले असते. ‘काळा नर, कपाळावर पांढरा टिळा, शेपटीचे टोक नाही, दूध केंद्राजवळ’ अशी नोंद वाचली की मला ‘कुत्रे अजून तिथे आहे का?’ हा आमचा अनुत्तरित राहणारा प्रश्न आठवतो. दूध केंद्राजवळच्या कुत्र्याचे दहा दिवसांत काय झाले, हे या वहीवाल्यांना न विचारताही माहीत असते, कारण ते रोज सकाळी तिथून जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, तेव्हाही अशीच माहिती उपयोगी पडली होती. कोणत्या गल्लीत किती कुत्री राहतात, हे आधीच लिहिलेले असल्यामुळे होडीतून जाणाऱ्यांना कुठल्या गच्चीकडे वळायचे, हे ठाऊक होते, असे त्या वेळी होडीत असलेल्यांनी मला सांगितले. दावणीला बांधलेली जनावरे पाणी चढताना जागच्या जागी बुडतात. घर सोडावे लागले तर निघण्यापूर्वी दावी सोडून द्यावीत, हे नदीकाठच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. पुराचा विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

आता मूळ मुद्द्याकडे येते. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे आपल्याकडे म्हणीसारखे बोलले जाते. गर्भाचा काळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात जिन्याखाली, उभ्या मोटारींखाली आणि बांधकामाच्या वाळूत पिल्ले दिसू लागतात. एरवी शेपूट घालून बाजूला होणारी मादी पिल्लांजवळ कुणी गेले की दात लावते आणि पिल्लांजवळ सर्वांत आधी जातात ती लहान मुले. थंडीत आमच्या कक्षातला लहान मुलांचा राबता मला आठवतो. त्या वेळी मी तो शाळेच्या सुट्ट्यांशी जोडत होते. आता त्यामागे बाळंत झालेल्या माद्याही असणार, असे माझे मत झाले आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयामागच्या गल्लीत पंधरवड्यात तीन मुलांना कुत्रे चावले. रहिवाशांनी सह्यांचे निवेदन तयार केले आणि सगळी कुत्री उचलण्याची मागणी केली. त्या गल्लीत पाच कुत्री होती. गटाची वही उघडली तर त्यांतल्या चौघांच्या कानाला खूण होती आणि लसही झालेली होती. पाचवी पिवळसर मादी राहिली होती, कारण तिने ज्या आवारात आसरा घेतला होता तिथे जाळी घेऊन येऊ द्यायला तिथल्या लोकांची परवानगी नव्हती. ती सहा पिल्लांची आई होती. तिन्ही मुलांना तिनेच धरले होते, हे पालकांशी बोलल्यावर अर्ध्या तासात कळले. पिल्लांसह तिला आडोशाच्या जागी हलवले, पिल्ले दूध सोडेपर्यंत थांबून नंतर तिची नसबंदी झाली, पिल्लांपैकी चार लोकांनी पाळायला नेली आणि त्या गल्लीत पुन्हा तशी तक्रार आली नाही. पाचही कुत्री उचलली असती तर लस झालेली, सगळ्यांच्या ओळखीची चार कुत्रीही गेली असती आणि मंगल कार्यालयाचे खरकटे तसेच पडत राहिल्यामुळे पलीकडच्या वस्तीतली लस न झालेली कुत्री आठवडाभरात तिथे आली असती.

नसबंदी झालेले कुत्रे त्याच जागी परत का सोडतात, या प्रश्नावर गटातल्या लोकांना सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात, म्हणून हे सविस्तर लिहिले. कुत्रे आपल्या हद्दीत नव्या कुत्र्याला येऊ देत नाही. लस आणि नसबंदी झालेली कुत्री एखाद्या गल्लीत टिकून राहणे हे त्या गल्लीचे संरक्षण असते आणि सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचलेली राहिली तर रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. कायदाही हेच सांगतो. २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांत कुत्रे मूळ जागी सोडण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्टला तो बदलून रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी, लसीकरण आणि जंतनाशक औषधानंतर त्याच परिसरात सोडावीत, असे सांगितले आणि प्रत्येक प्रभागात खायला घालण्याच्या जागा ठरवून देण्यास फर्मावले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्याचे निर्देश आले. परिचारिका म्हणून सांगते, रुग्णालयाच्या आवारात कुत्री नसावीत, हे मला पूर्ण पटते. मात्र तिथून हलवलेले प्रत्येक कुत्रे कुठे गेले, त्याची लस कधी झाली, हे लिहिलेले असले पाहिजे; अन्यथा एका फाटकातले कुत्रे दुसऱ्या फाटकात सोडल्यासारखे होईल.

शेजारच्या गोव्यात हे काम कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. मिशन रेबीज ही संस्था, राज्य सरकार आणि स्वयंसेवक यांनी मिळून वर्षानुवर्षे गावोगाव जाऊन कुत्र्यांना लस टोचली, टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद जागेवरच मोबाइलमधल्या नकाशावर केली, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी सेवा चालवली, शाळांतून मुलांना शिकवले आणि माणसांना झालेल्या चाव्यांची माहिती कुत्र्यांच्या माहितीशी जोडली. २०१७ नंतर काही वर्षे गोव्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये ते रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गोवा लहान आहे आणि तिथे मोठा निधी उपलब्ध झाला, हे खरे आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली, त्यामुळे आपले काम फार मोठे आहे. पण माहिती जोडण्याचा भाग मोठ्या निधीवाचून होण्यासारखा आहे. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजने २०३० पर्यंत एकही माणूस दगावू नये, हे उद्दिष्ट केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले आहे. अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणावर आधारित अंदाजानुसार अजूनही वर्षाला सुमारे ५,७०० माणसे या रोगाने मरतात.

प्राणिमित्रांविषयीही दोन गोष्टी स्पष्टपणे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. पहिली गोष्ट अशी की खायला घालणे हे निम्मेच काम आहे. ज्या कुत्र्याच्या कानाला खूण नाही त्याला तुम्ही रोज खायला घालत असाल, तर तुमच्याइतके जवळ त्याला दुसरे कुणी जाऊ देणार नाही आणि म्हणूनच त्याला नसबंदीसाठी धरून देण्याची जबाबदारीही तुमचीच आहे. शाळेच्या फाटकाशी, जिन्याच्या तोंडाशी, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ अन्न टाकणे हे त्या कुत्र्याचे वैर करणे आहे, कारण तिथे एखाद्या मुलाला दात लागला तर पहिली काठी त्याच्याच पाठीत बसते. २०२३ च्या नियमांनुसार खायला घालण्याची जागा अशा ठिकाणांपासून दूर ठरवून देण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनांवरही आहे. रहिवासी आणि खायला घालणारे यांनी एकदा समोरासमोर बसून ही जागा ठरवली की रोजची निम्मी भांडणे मिटतात, हा आमच्या गल्लीतला अनुभव आहे.

दुसरी गोष्ट स्वयंसेवकांच्या स्वतःच्या जिवाची आहे. कुत्री हाताळणाऱ्यांनी चावा बसण्याची वाट न पाहता आधीच लस घ्यायची असते. ० व्या, ७ व्या आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी, अशा तीन मात्रा पुरतात आणि नंतर चावा बसलाच तर ० व्या आणि ३ ऱ्या अशा दोनच मात्रा घ्याव्या लागतात, सीरमची गरज राहत नाही. मी या गटात गेले तेव्हा आठपैकी पाच जणांनी ही लस घेतलेली नव्हती. अनेक ओरखडे अंगावर घेऊन ही मुले वर्षानुवर्षे हिंडत होती, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. आता लस घेतल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही, असा नियम केला आहे आणि सगळ्यांची कार्डे माझ्याकडे ठेवलेली आहेत.

या लोकांना समाजाकडून मिळते काय? अंधार पडल्यावर कुत्र्यांना खायला घालणाऱ्या मुलीला भर रस्त्यात उलटसुलट बोलले जाते, गाडीची हवा सोडली जाते, ‘एवढा पुळका आहे तर घरी घेऊन जा’ हे वाक्य तर रोजचेच आहे. दुसरीकडे पिल्लांच्या खोक्यावर गाडी घालणाऱ्याला काय शिक्षा होते? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, परंतु ते कलम लावून घेण्यासाठी तक्रारदाराला पोलीस ठाण्यात बराच वेळ उभे राहावे लागते. औषधे, भूल, सलाइन, पिंजऱ्याची डागडुजी आणि रिक्षाचे पेट्रोल यांचा खर्च ही माणसे आपापल्या खिशातून आणि ओळखीच्या लोकांकडून थोडेथोडे मागून भागवतात. निवृत्त बँक कर्मचारी काकांकडे पै-पैचा हिशेब असतो आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते तो सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या माणसांना वर्गणी मागत फिरावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

माझी मागणी लहान आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात सरकारी रुग्णालयाचे श्वानदंश रजिस्टर, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नसबंदी केंद्राची नोंद आणि प्राणिमित्र गटांची वही महिन्यातून एकदा एका टेबलावर यावी. रुग्णाचे नाव, वय, दूरध्वनी यांतले काहीही रुग्णालयाने देऊ नये. रुग्णाची गोपनीयता मी आयुष्यभर सांभाळली आहे आणि ती मोडावी, असे मी कधीच सुचवणार नाही. चावा कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेला बसला आणि कुत्रे दिसायला कसे होते, एवढेच पुरे आहे. गटाने त्या गल्लीचे पान उघडावे, तिथे खूण नसलेले कुत्रे किती, बाळंत मादी आहे का, मटणाच्या दुकानाचा किंवा मंगल कार्यालयाचा कचरा उघड्यावर पडतो का, हे सांगावे आणि पुढच्या महिन्यात नसबंदीची गाडी आधी त्या गल्लीत जावी. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याचे काम त्या गल्लीत रोज जाणाऱ्या स्वयंसेवकाकडे द्यावे आणि कुत्रे मेले किंवा वेडेवाकडे वागू लागले तर त्याने त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. त्यासाठी स्वयंसेवकांना ओळखपत्र द्यावे, म्हणजे आवाराच्या फाटकावर त्यांना अडवले जाणार नाही. याला नवे पद लागत नाही, इमारत लागत नाही. एक तास, एक टेबल आणि दोन्हीकडच्या वह्या नीट लिहिणारी माणसे लागतात.

आपल्या दैनिकाने शहरोशहरीच्या आपल्या वार्ताहरांकडून अशी बैठक कुठे होते का, याची माहिती मिळवून प्रसिद्ध करावी, ही विनंती आहे. भाद्रपद सुरू होण्यापूर्वी ज्या माद्यांची नसबंदी होईल, त्यांची पिल्ले मार्गशीर्षात रस्त्यावर येणार नाहीत, म्हणून पहिली बैठक त्याच्या आत व्हायला हवी. आमच्या शहरात ती ठरली तर आमची वही घेऊन मी स्वतः येईन. सध्या तिच्यात सतरा गल्ल्या आहेत आणि त्यांतल्या सहा गल्ल्यांत कानाला खूण नसलेल्या माद्या आहेत, त्यांची नावनिशी पानांसह मी तयार ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
सांगली